घरचं नेट येतं-जातं : लाइनमनला फोन करण्याआधीची तपासणी

नेट पूर्ण बंद पडलं तर प्रश्न सोपा असतो. कुणीतरी येतं, तुटलेली वायर जोडतं, सुरू होतं. डोकं खातं ते येणारं-जाणारं नेट. लाइनमन दारात उभा असताना ते नेमकं चालू असतं. तो राउटर बंद करून चालू करतो, "आता बघा, व्यवस्थित आहे" म्हणतो आणि जातो. रात्री नऊला पुन्हा तेच.

अशा वेळी राउटर बदलायची घाई करू नका. आधी साखळी कुठे तुटते ते शोधा. मोबाइल किंवा लॅपटॉप, वाय-फाय, राउटर, घरात येणारी वायर, इमारतीतला बॉक्स आणि त्यापलीकडे केबलवाल्याचं जाळं अशा सहा कड्या आहेत. पहिल्या तीन तुमच्या, पुढच्या तीन त्याच्या. तक्रारीत कडी नेमकी सांगितली की येणारा माणूस योग्य सामान घेऊन येतो.

आपल्याकडे जोडणी साधारण दोन प्रकारची असते. एकीत बारीक फायबर, म्हणजे प्रकाश वाहणारी काचेची तार, थेट घरात येऊन ओएनयूच्या डब्यात लागते. हा डबा प्रकाशाचं राउटरला कळेल अशा सिग्नलमध्ये रूपांतर करतो. दुसरीत फायबर इमारतीपर्यंतच येते, गच्चीवर किंवा जिन्यात स्विच (एक लाइन अनेक घरांत वाटणारा डबा) बसवलेला असतो आणि तिथून साधी लॅन वायर घरात येते. टीव्हीच्या जाड कोअक्स वायरवरचं नेट अजून कुठे कुठे आहे, पण लहान केबलवाल्यांनीही आता बहुतेक जागी फायबर टाकली आहे. तुमच्याकडे यातलं काय आहे ते आधी बघून घ्या, कारण खालच्या काही तपासण्या एकालाच लागू पडतात.

लक्षणं, आणि संशय कुणावर घ्यायचा

- राउटरचे सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागतात: अ‍ॅडॅप्टर, किंवा प्लगचा सैल पॉइंट.
- वाय-फाय जोडलेलं दिसतं पण "इंटरनेट नाही" येतं: लाइन, रिचार्ज किंवा लॉगिन.
- हॉलमध्ये ठीक, बेडरूममध्ये रडतं: वाय-फाय. केबलवाल्याचा दोष नाही.
- ओएनयूवर एलओएसचा लाल दिवा: फायबरमधून प्रकाश येत नाही किंवा फार कमी येतो.
- घरात लाइट आहे, पण शेजारच्या विंगची लाइट गेली की नेट जातं: इमारतीतल्या स्विचला बॅटरी नाही.
- पाऊस सुरू झाला की जातं, ऊन पडलं की येतं: जॉइंटमध्ये किंवा कनेक्टरमध्ये पाणी.
- रोज रात्री आठ ते अकरा मंद, सकाळी सहाला सुसाट: केबलवाल्याच्या पुढच्या लाइनवर गर्दी.
- प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि वेग कायम ९४-९५वर अडकलेला: लॅन वायरची एखादी तार तुटलेली, किंवा जुना पोर्ट.

तपासणी सुरू करण्याआधी दोन दिवस नेट गेल्याची आणि आल्याची वेळ कागदावर लिहा. दहा नोंदी झाल्या की बहुतेक वेळा नमुना आपोआप दिसतो. पुढे तक्रारीलाही तोच कागद कामाला येतो.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

सुरुवात रिचार्जपासून. हसण्यासारखं वाटेल, पण बरेच प्लॅन रात्री बाराला संपतात आणि राउटरवर बरेचदा सगळे दिवे हिरवेच राहतात, कारण वायर शाबूत असते, फक्त खातं बंद झालेलं असतं. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शेवटची तारीख बघा. डेटाची मर्यादा ओलांडली की वेग आपोआप खाली येतो, तेही तिथेच दिसतं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच नेट मंद होत असेल तर आधी हेच पाहा.

मग राउटर बंद-चालू. पण नीट. बटण दाबून लगेच चालू केलं तर उपयोग होत नाही. अनेक केबलवाल्यांकडे युजरनेम-पासवर्डने लॉगिन होतं. लाइन अचानक तुटली की त्यांच्या सर्व्हरवर जुनं लॉगिन काही मिनिटं लटकून राहतं आणि नवीन नाकारलं जातं. म्हणून ओएनयू आणि राउटर दोन्ही बंद करा, पाच मिनिटं थांबा, आधी ओएनयू चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की मग राउटर. मागच्या छोट्या भोकात टाचणी घालून रीसेट मात्र करू नका. त्याने युजरनेम, पासवर्ड, इतर सेटिंग सगळं पुसलं जातं. मग मंद का होईना चालणारं नेट पूर्ण बंद, आणि लाइनमन येईपर्यंत हातावर हात.

आता सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी तपासणी. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ उघडा. नेमका पत्ता राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो. स्टेटसच्या पानावर बहुधा दोन वेळा दिसतात: राउटर किती वेळ चालू आहे आणि इंटरनेटची जोडणी किती वेळ टिकून आहे. नेट गेल्या-आल्यानंतर लगेच हे पान बघा. राउटरची वेळ चार दिवस आणि जोडणीची सहा मिनिटं असेल तर राउटर जागाच होता, लाइन तुटली. राउटरचीच वेळ सहा मिनिटं असेल तर तो स्वतः बंद पडून उठला, म्हणजे वीज किंवा अ‍ॅडॅप्टर. दोन्ही वेळा चार दिवस दाखवत असतील आणि तरी तुमचं नेट गेलं होतं, तर बोट वाय-फायकडे किंवा तुमच्या मोबाइलकडे. या एका पानाचा फोटो अर्धं भांडण मिटवतो.

लॅपटॉप असेल तर पिंगही लावा, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का, किती वेळात येतं ते बघा. कमांडची खिडकी दोनदा उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला, दुसरीत ८.८.८.८ला (गूगलचा बाहेरचा सर्व्हर) सतत पिंग चालू ठेवा. दोन्हीत एकाच वेळी "टाइम आउट" दिसू लागलं तर तुमच्यापासून राउटरपर्यंतचाच रस्ता खराब आहे. राउटरचं उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत येतंय आणि फक्त बाहेरचं तुटतंय, तर दोष पुढचा. पिंग चालतं पण वेबसाइट उघडत नाहीत असं झालं तर डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, बदलून बघा. राउटरमध्ये १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकायला दोन मिनिटं लागतात.

वाय-फायबद्दल थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतं, पण इमारतीतले सगळे राउटर तिथेच गर्दी करतात. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात रिकामा निवडा, कारण एवढे तीनच एकमेकांत घुसत नाहीत. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण स्लॅब आणि जाड भिंती त्याला रोखतात. कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीपलीकडे किंवा जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीपलीकडे ते मागूच नका. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा इन्व्हर्टरशेजारी ठेवलेला असेल तर तो आधी हलवा. आणि वेग मोजायचा तर लॅन वायरने मोजा. वाय-फायवरचा आकडा दाखवून केलेली तक्रार कुणी मनावर घेत नाही, आणि ते बरोबरच आहे.

शे-तीनशे रुपयांच्या तपासण्या

येणाऱ्या-जाणाऱ्या नेटच्या घरातल्या कारणांत अ‍ॅडॅप्टरला पहिला मान द्यावा लागतो. त्याच्या आतला कपॅसिटर उष्णतेने वर्षा-दोन वर्षांत म्हातारा होतो. गंमत अशी की मल्टीमीटर लावला तर बारा व्होल्ट बरोबर दिसतात, कारण तेव्हा त्याच्यावर भार नसतो. राउटरला जोडून संध्याकाळी आठ-दहा मोबाइल त्यावर आले की व्होल्टेज घसरतं आणि राउटर गटांगळी खाऊन उठतो. अ‍ॅडॅप्टर हाताला चटका बसेल इतका गरम असेल किंवा आतून बारीक किर्र आवाज येत असेल तर तो बदलाच.

नवीन घेताना व्होल्ट तंतोतंत तेच घ्या. नऊच्या जागी बारा लावलात तर राउटर जळू शकतो. अ‍ॅम्पिअर मात्र जास्त चालतो. ०.५च्या जागी १ किंवा १.५ बिनधास्त लावा, राउटर लागेल तेवढाच ओढतो. पिनची जाडी आणि प्लस-मायनसची खूण जुन्याशी जुळवा. ओएनयू आणि राउटर दोन्हींचे अ‍ॅडॅप्टर शेजारी ठेवलेले असतात आणि पुसताना अदलाबदल होते. नऊचा बाराच्या जागी गेला तर नेट अगदी असंच येतं-जातं. दोन्हींवर मार्करने नाव लिहून ठेवा.

वारंवार लाइट जात असेल तर राउटरचा छोटा यूपीएस घ्या. पण आधी खात्री करा की इमारतीतल्या स्विचलाही बॅटरी आहे. नसेल तर तुमच्या घरात दिवे लागलेले राहतील आणि नेट तरीही नसेल.

नंतर लॅन वायर. लॅन वायरीत आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही. म्हणून उरलेल्या चारांतली एखादी तार तुटली तरी नेट बंद होत नाही, ते गुपचूप १००वर उतरतं आणि तुम्हाला ९४-९५ दिसतात. ओएनयू आणि राउटरमधला तुकडा बदलून बघा, दुकानात तयार मिळतो. तरीही आकडा हलला नाही तर राउटरचा पोर्टच १००चा असू शकतो. जुन्या स्वस्त राउटरांचे असतातच, आणि मग २०० एमबीपीएसचा प्लॅन त्यावर वाया जातो.

इमारतीतून लॅन वायर येत असेल तर तिची लांबी १०० मीटरच्या आत हवी. तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असेल तर तेवढ्यातही दगा देते. गच्चीवरून उन्हात लोंबणाऱ्या वायरचं प्लास्टिक तडकतं, पाणी आत शिरतं आणि उतारावरून थेट तुमच्या कनेक्टरपर्यंत येतं. क्लिप काढून पिना बघा. हिरवट किंवा काळपट दिसल्या तर कनेक्टर कापून नवा बसवायचा. समुद्रकाठच्या गावांत, कोकण-गोव्यात, खाऱ्या हवेने हे लवकर होतं. वायर घरात शिरण्याआधी बाहेरच तिला खाली एक झोळ दिलेला असावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं.

फायबर : बघायचं, पण हात जपून

ओएनयूवरचे दोन दिवे महत्त्वाचे. पीओएन स्थिर हिरवा हवा आणि एलओएस विझलेला. एलओएस लाल असेल तर वायर तुटली, निघाली किंवा वाकली. पीओएन लुकलुकत राहिला तर प्रकाश येतोय पण पलीकडच्या यंत्राशी नोंदणी होत नाही. तिथे प्रकाश अपुरा असू शकतो किंवा केबलवाल्याच्या बाजूची सेटिंग बिघडलेली असू शकते.

ओएनयूच्या पानावर आरएक्स पॉवर नावाचा आकडा असतो, म्हणजे तुमच्यापर्यंत किती प्रकाश पोचतो ते, डीबीएम या एककात, वजा चिन्हासह. वजा १५ ते वजा २४ असेल तर निश्चिंत राहा. वजा २५च्या खाली गेला की काठावर आहात. साधारण वजा २७ला बहुतेक ओएनयू हात टेकतात. प्रत्येक ३ डीबीने प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे वजा २० आणि वजा २६ यांत चौपट फरक आहे. काठावरची लाइन कोरड्या दिवशी चालते आणि पावसात किंवा वाऱ्यात पडते. "तुम्ही आलात की चालू असतं" यामागचं रहस्य बरेचदा हेच. कोरड्या दिवशी एक आणि पावसात एक असे दोन आकडे लिहून ठेवा.

घरात तुम्ही करू शकता ते इतकंच: ओएनयूला लागणारी पिवळी पॅच कॉर्ड (फायबरची छोटी वायर) कपाटाच्या दाराखाली, टेबलाच्या पायाखाली किंवा खिळ्यावर करकचून वळवलेली नाही ना ते बघा. वळण साधारण लिंबाएवढ्या गोलाईपेक्षा लहान नको. काटकोनात मोडलेल्या फायबरमधून प्रकाश बाहेर सांडतो. कनेक्टर नीट बसला आहे का ते हलक्या हाताने दाबून पाहा. हिरव्या टोकाचा कनेक्टर हिरव्याच सॉकेटमध्ये आणि निळा निळ्यातच हवा. हिरव्याचं तोंड आठ अंश तिरकं घासलेलं असतं. निळ्यात घातला तर बसल्यासारखा वाटतो, पण मध्ये फट राहते आणि सिग्नल पडतो. घाईत केलेल्या दुरुस्तीनंतर हा घोळ हमखास सापडतो.

कनेक्टर उघडून टोक बोटाने किंवा शर्टाने पुसू नका. बोटाचं तेल पुरे होतं. उघड्या टोकात डोकावूनही बघू नका, त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण असतो.

इथे थांबा

तुटलेली फायबर चिकटपट्टीने जोडता येत नाही. तिला टोकं वितळवून जोडणारं स्प्लायसिंग यंत्र लागतं, आणि काचेचा तुकडा बोटात गेला तर सहज दिसतही नाही. जिन्यातला किंवा गच्चीवरचा बॉक्स उघडू नका. त्यात शेजाऱ्यांच्या लाइनी असतात, शिवाय तिथल्या स्विचची वीजजोडणी अनेकदा उघडीच असते. महावितरणच्या खांबावरून आलेली किंवा विजेच्या तारेवर पडलेली केबल दिसली तर तिला काठीनेही हात लावू नका. फायबर काचेची असली तरी तिला आधार देणारी तार लोखंडी असते. आधी महावितरणला कळवा, मग केबलवाल्याला. विजा कडाडत असतील तर अ‍ॅडॅप्टर आणि बाहेरून येणारी लॅन वायर दोन्ही काढून ठेवा.

वर्षातले दोन काळ लक्षात असू द्या. पावसाळ्याआधीची झाडछाटणी आणि गणपतीच्या उंच मूर्तींच्या मिरवणुका. दोन्ही वेळी रस्त्यावर आडव्या टाकलेल्या केबल कापल्या किंवा उचलल्या जातात आणि नंतर घाईत जोडल्या जातात. त्यानंतर तुमचा आरएक्स आकडा तीन-चारने घसरला असेल तर जॉइंट कच्चा आहे, आणि तो पुन्हा करून मागायचा.

केबलवाल्याशी बोलताना

लाइनमनचा मोबाइल नंबर असतोच, त्यालाच फोन लावला जातो. लावा, पण तक्रार अ‍ॅपवर किंवा कंपनीच्या टोल-फ्री नंबरवरही नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. लाइनमनला केलेल्या फोनची कुठेही नोंद राहत नाही. बोलताना "नेट चालत नाही दादा" एवढंच म्हणू नका. असं काही पाठवा:

"दादा, सोमवारपासून रोज तीन-चार वेळा जातंय. राउटर चालूच असतो, जोडणी तुटते. पीओएन लुकलुकतो. आरएक्स कोरड्यात वजा २४, पावसात वजा २७. घरातली पॅच कॉर्ड सरळ आहे, अ‍ॅडॅप्टर नवा आहे. बाहेरचा जॉइंट बघायला लागेल. पॉवर मीटर घेऊन या."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. पॉवर मीटर फायबरमधला प्रकाश मोजतो; तो न आणलेला माणूस फक्त राउटर बंद-चालू करू शकतो. काम झाल्यावर त्याच्यासमोर आरएक्सचा आकडा पुन्हा बघा, आणि तो सुधारला नसेल तर तक्रार "सोडवली" म्हणून बंद करायचा ओटीपी देऊ नका.

रात्रीच्या मंदपणावर घरात काहीही उपाय नाही. केबलवाल्याने वरून घेतलेली क्षमता ग्राहकांच्या मानाने कमी पडते. नवा राउटर विकायचा प्रयत्न झाला तर नम्रपणे नाही म्हणा. आठवडाभर सकाळी सात आणि रात्री साडेनऊला लॅन वायरने वेग मोजून स्क्रीनशॉट जपा. वेगाची चाचणी भरघोस आणि परदेशी साइट मात्र रडत असतील तर चाचणीचा सर्व्हर केबलवाल्याच्या जाळ्यातच आहे. चाचणीत दूरच्या शहरातला सर्व्हर निवडून पुन्हा मोजा.

तक्रार सुटली नाही तर बिल काढा. दारात येणारा केबलवाला अनेकदा फक्त स्थानिक भागीदार असतो आणि परवाना बिलावर नाव असलेल्या कंपनीकडे असतो. भांडायचं तिच्याशी. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२च्या नियमांनुसार तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. अपिलाला शुल्क नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. अपिलात तक्रार क्रमांक, तारखा, स्क्रीनशॉट आणि बंद दिवसांच्या पैशांची मागणी एवढंच लिहा. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे मेल पाठवून वाट पाहत बसू नका.

याला समांतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर नोंद करता येते. केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर दूरसंचार विभागाकडेही तक्रार जाते. शेवटचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. दूरसंचारच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं कुणी सांगितलं तर ती जुनी गोष्ट झाली. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या चालतात असं स्पष्ट केलं. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही.

हे सगळं करण्याइतका वेळ नसेल आणि इमारतीत दुसरा केबलवाला असेल तर बदला. शेजारी-पाजारी विचारा, तेही रात्री साडेनऊच्या वेगाबद्दल. नव्याकडे वर्षाचा स्वस्त प्लॅन लगेच घेऊ नका, एक महिन्याचाच घ्या. जुनी लाइन पंधरा दिवस चालू ठेवा, दोन्ही शेजारी चालवून बघा. मग जुनं बंद करायची विनंती लेखी द्या, ओएनयू परत करताना त्याच्या सीरियल नंबरची पावती घ्या आणि अनामत रक्कम परत मिळेपर्यंत ती पावती टाकू नका.